मासा जाईल, मी नाय

मुलींची माध्यमिक शाळा, वसई
बुधवार, ता. २८ डिसेंबर १९४९

ती. बाबांस,

इनेझचा सविनय नमस्कार. आपला आशीर्वाद मागते. हे पत्र आपली सून आपणांस वाचून दाखवील. डेल्फिनने ते सावकाश आणि एकही वाक्य न गाळता वाचावे, अशी तिला सूचना आहे.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. पहिली गोष्ट अशी की शनिवार, ता. २१ जानेवारी रोजी सायंकाळी आमच्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेचे उद्घाटन आहे. दुसरी अशी की समारंभानंतर पाहुण्यांना उपाहार द्यावयाचा आहे आणि मुख्याध्यापिका या नात्याने तो देण्याची जबाबदारी माझी आहे. तिसरी अशी की शाळेला स्वयंपाकघर नाही. प्रयोगशाळेतील दिव्यांवर भजी तळावीत, असे एका शिक्षकांनी सुचवले. त्या सूचनेची मी नोंदही घेतली नाही. चौथी अशी की या रेशनिंगच्या दिवसांत इतक्या माणसांना धान्याचे पदार्थ वाढणे शक्य नाही आणि शोभतही नाही. पाचवी गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण तीच मुख्य आहे. गेल्या सभेत उपाहाराचा विषय निघाला तेव्हा मी धुरी दिलेल्या माशाचे नाव काढले. त्यावर आमच्या संस्थेच्या अध्यक्षा, वांद्र्याच्या मिसेस कुटिन्हो, सर्वांसमक्ष म्हणाल्या की तसला मासा फोर्टातल्या इंग्रजी दुकानात डब्यात मिळतो. अर्नाळ्याहून येतो तो फक्त वास. सभा हसली. मी हसले नाही.

यांवरून निष्कर्ष एकच निघतो. चूल न पेटवता, पीठ न भिजवता, केवळ कच्च्या भाज्या आणि धुरीचा मासा यांवर हा उपाहार मी असा करीन, की पुन्हा कोणी अर्नाळ्याचे नाव हसून घेणार नाही. आगबोटीवर असताना साहेबांच्या टेबलासाठी सॅमन माशाला आपण जी धुरी देत होता, तीच धुरी निवृत्त होऊन घरी आल्यावर आपण जुन्या पिंपात रावसाला देऊन दाखवली. हा प्रकार या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला साधत नाही. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, जाणून लिहिते.

तरी दोन मोठे रावस धुरी देऊन तयार ठेवावेत. मांस घट्ट असावे, रंग ताज्या विटेसारखा यावा आणि कातडीवर काजळी मुळीच नसावी. मासा कोठून आला, हे पाहुण्यांना सांगण्याचे कारण नाही. ते माझे मी पाहीन.

उत्तर लेखी हवे. प्लासिडच्या तोंडी निरोप पाठवू नये. माझ्या भावाच्या तोंडी दिलेला निरोप विरारला पोहोचेपर्यंत निम्मा झालेला असतो.

आपली आज्ञाधारक,
इनेझ


अर्नाळा
सोमवार, ता. २ जानेवारी १९५०

येशूला स्तुती.

बाय इनेझ,

तुम्हांला आणि शाळेतल्या सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा. पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं, एकही वाक्य गाळलं नाही. आता बाबा सांगतात तसं लिहिते. शब्द त्यांचेच आहेत. जे शब्द लिहिण्यासारखे नव्हते ते सोडले, ते मिसेस कुटिन्होंबद्दल होते.

“पोरी, रावस मिळेल. प्लासिडच्या जाळ्यात आला तर बरा, नाय तर काळूरामच्या होडीवरून घेईन. छोटा घेनार नाय. मीठ आनि गूळ चोळून एक रात ठेवायचा, मग पुसून वाऱ्यावर टांगायचा, मग आंब्याच्या भुशाची धुरी. धूर गार पायजे. आग पिंपाखाली नाय, लांब खड्ड्यात, आनि मदे मातीचा नळ. तुला ठाऊक हाय. लहानपनी त्या नळावर हात ठेवून बसायचीस, गरम झाला की वरडायचीस. काजळीचं मला सांगू नको. बोटीवरच्या कप्तानाला माझ्या माशावर काजळी दिसली नाय, ती वांद्र्याच्या बायला काय दिसनार.

“पन एक गोष्ट तू लिवली नाय. कापनार कोन? अर्नाळ्यात कापून पाठवला तर वसईला पोचेपर्यंत काप वळतात, कडा सुकतात. तो ताटात जायच्या आधी तितंच कापावा लागतो, तोही असा की सुरीचं पातं मासातून दिसलं पायजे. सुरी माझ्याकडं हाय. तवा कापनारा मानूस तितं पायजे. इचार कर आनि कळव.”

बाबांचं एवढंच. आता माझं लिहिते.

पत्र वाचून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उलटं करून पाहिलं. मागे काही लिहिलंय का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. जेवताना परत विचारलं. संध्याकाळी त्यांनी पेटी उघडून बोटीवरचा पांढरा कोट बाहेर काढला, तो पितळी बटणांचा, आणि बटणं चिंच लावून घासून दे म्हणाले. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, “वाळवी लागली का बगतो.” बटणांना वाळवी लागल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. प्लासिड हसला, तर त्याला होडीचा तळ साफ करायला पाठवून दिलं.

तुमची,
डेल्फिन


वसई
गुरुवार, ता. ५ जानेवारी १९५०

ती. बाबांस नमस्कार.

आपले उत्तर पोहोचले. ते मुद्देसूद आहे, याचा आनंद झाला. आमच्या शिक्षकवर्गात इतके मुद्देसूद लिहिणारे फार थोडे आहेत.

कापणाऱ्या माणसाचा आपण उपस्थित केलेला प्रश्न मी सोडवला आहे. आपले पत्र आले त्याच दिवशी बाजारातून खाऱ्या सुरमईचा जाड तुकडा आणवला आणि रोज शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत तिरपे काप करण्याचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशीचे काप मी मांजरालाही दाखवले नाहीत. काल मात्र पाते माशातून स्पष्ट दिसले. हात आपलाच आहे, असे म्हणण्यास आता हरकत नाही. तेव्हा माणसाची आवश्यकता नाही. फक्त सुरी पाठवावी. तिची धार आपणच लावून द्यावी, येथील धार लावणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मिठाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्ट लिहिते. बोटीवर आपला मासा लोणी लावलेल्या पावावर जात असे. येथे तो काकडीवर आणि दह्याच्या चक्क्यावर जाणार आहे. दह्याच्या आंबटपणाने मीठ पुढे येते, हे मी सुरमईवर पडताळून पाहिले. पूर्ण रात्रीचे मीठ जास्त होईल. संध्याकाळी लावावे आणि झोपण्यापूर्वी धुवावे.

भाज्यांची व्यवस्था अशी. निर्मळच्या हरेश्वरांच्या वाडीतून काकडी, मुळे, गाजरे आणि शेपू त्याच सकाळी खुडून येतील. हरेश्वर आदल्या दिवशीच आणून टाकतो म्हणाले. त्यांना मी सांगितले की शिळी काकडी विकायची असेल तर गिऱ्हाईक दुसरे पाहावे. काकडीच्या चकत्या जाड कापावयाच्या, पातळ चकती माशाच्या वजनाने वाकते. त्यांना मीठ लावावयाचे नाही, लावले की पाणी सुटते आणि वरचा चक्का घसरतो. चक्का रात्रभर टांगून घट्ट केलेला, त्यात मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि बारीक चिरलेला शेपू. त्यावर रावसाचा एक काप, दुमडून, गुलाबाच्या पाकळीसारखा उभा. गाजराच्या लांब पट्ट्या बर्फाच्या पाण्यात टाकल्या की आपोआप वळतात, त्या कडेने. मुळ्याची फुले. बीट मी काढून टाकले, त्याचा रंग शेजारच्या पदार्थात शिरतो आणि शेजाऱ्याला विचारीत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे टेबल, वेगळ्या सुऱ्या आणि वेगळ्या मुली. त्यांच्यासाठी पोकळ केलेल्या टोमॅटोत ओले खोबरे, आले आणि कोथिंबीर. शेवटी सर्वांना निर्मळची सुकेळी, तीही उन्हात वाळवलेली. संपूर्ण उपाहारात कोठेही आग नाही. आग फक्त अर्नाळ्यातील आपल्या खड्ड्यात. हे मला फार आवडले आहे.

आता आणण्याविषयी. प्लासिडने सकाळच्या गाडीने मासा ओल्या फडक्यात गुंडाळून आणावा. पुढच्या दाराने येऊ नये, तेथे रांगोळी आणि कमान असेल. विहिरीकडच्या मागच्या दाराने यावे. तेथे बर्फाची लादी ठेवलेली असेल. मासा माझ्या हाती देऊन त्याने लगेच परत जावे, म्हणजे त्याचा दिवस मोडणार नाही.

मीठ आणि सुरी, या दोन्ही बाबतींत लेखी होकार कळवावा.

आपली,
इनेझ


अर्नाळा
मंगळवार, ता. १० जानेवारी १९५०

येशूला स्तुती.

बाय इनेझ,

आधी बाबांचं, कारण त्यांनी एवढंच सांगितलं.

“मीठ कमी करतो. बरोबर बोललीस, दह्यावर जास्त झालं असतं. सुरी प्लासिडबरोबर येईल, मागच्या दाराने.”

यानंतर ते उठले आणि जाळी बघायला किनाऱ्यावर गेले. जाळी कालच बघून झाली होती.

आता माझं. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हीही पुढच्या पत्रात याबद्दल काही लिहू नका, कारण तुमची पत्रं मला एकही वाक्य न गाळता वाचायची असतात.

बाय, तुम्ही आमच्यापेक्षा पुष्कळ शिकलात. पण बाबांना काय झालंय ते तुम्हांला कळलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या पहिल्या पत्रात सगळ्या गोष्टी क्रमाने होत्या. माशाला कसं यायचं ते होतं, त्याचा रंग कसा हवा ते होतं. बाबांनी यायचं की नाही, ते कुठेच नव्हतं. म्हणून त्यांनी पत्र उलटं करून पाहिलं. मग त्यांनी तुम्हांला विचारलं, कापणारा माणूस तिथे पाहिजे, विचार कर. आमच्या घरात याचा अर्थ मांजरालाही कळला. तुम्ही उत्तर दिलंत, माणूस नको, सुरी पाठवा.

त्या रात्री त्यांनी कोट घडी करून परत पेटीत टाकला. बटणं आरशासारखी झाली होती.

‘मासा कोठून आला हे पाहुण्यांना सांगण्याचे कारण नाही,’ हे वाक्य त्यांनी मला तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, “बरं लिवतं पोरगी. साफ लिवतं.”

रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर मालूने त्यांना अडवलं. मालूला तुम्ही ओळखता, तिच्या टोपलीतले बोंबील कमी असतात आणि बातम्या जास्त. तिने सगळ्यांसमोर विचारलं, “काय जोसेफबाबा, मास्तरीनबायच्या पार्टीला कदी जानार? तुमचाच रावस ना तितं?” बाबांनी टोपी घातली आणि म्हणाले, “मासा जाईल, मी नाय.” आणि चालू लागले. माझ्या मागे मालू म्हणाली, “शिकली की घरचं मानूस वशाट वाटतं.” मी तिला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणाल, बापाला कशाला बोलवायचं, तो तर घरचाच. पण बाय, आवतान हे आवतान असतं. माझ्या लग्नाच्या वेळी काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर सांगते, तुम्ही तेव्हा बी. टी.च्या परीक्षेला होतात. आवतान द्यायला प्लासिड गावात घर-घर फिरला आणि दमून घरी येऊन आडवा झाला. बाबा ओटीवर बसले होते. बाबा म्हणाले, “आनि मी?” प्लासिड म्हणाला, तुम्ही तर नवऱ्याचे बाप. बाबा म्हणाले, “मला आवतान नाय, मी येनार नाय.” शेवटी प्लासिड उठला, कोट घातला, अंगणाबाहेर रस्त्यापर्यंत गेला, तिथून परत वळून आला, दारात उभा राहिला आणि बाबांचं पूर्ण नाव घेऊन त्यांना त्यांच्याच मुलाच्या लग्नाचं आवतान दिलं. तेव्हा बाबांनी विडा उचलला. सगळे हसले, बाबा हसले नाहीत.

ते वाईट माणूस नाहीत. तुमच्यासारखेच आहेत.

रावस परवापासून बघायला लागलेत. काल एक परत केला, म्हणाले याचे डोळे खोल गेलेत. मासा उत्तमच येईल, त्याची काळजी करू नका.

तुमची,
डेल्फिन


वसई
गुरुवार, ता. १२ जानेवारी १९५०

चि. सौ. डेल्फिन हीस आशीर्वाद.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे; म्हणून शाळेच्या पाकिटातून नव्हे, तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवीत आहे.

तुझे पत्र वाचून मला प्रथम राग आला. तो तुझ्यावर होता, मग मालूवर आला, मग बाबांवर. दुपारच्या दोन तासिका मी रागातच शिकवल्या आणि एका मुलीला ‘ऑक्सिजन’ची व्याख्या चुकल्याबद्दल उगाच उभे केले. ती व्याख्या बरोबर होती, हे मला संध्याकाळी आठवले.

बाबांना मी बोलावले नाही, हे खरे आहे. पण त्याचे कारण ऐक. मी पाहुण्यांची कार्डे छापून घेतली, त्यांवर माझ्या हाताने नावे लिहिली आणि पोस्टात टाकली. ती परक्या माणसांची कार्डे होती. बाबांचे नाव त्या गठ्ठ्यात, मिसेस कुटिन्हो आणि मामलेदार यांच्यामध्ये कोठेतरी, लिहिणे मला अपमानास्पद वाटले. ज्याचा मासा, ज्याची मुलगी, त्याला कार्ड? टेबलाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उजव्या हाताला मी एक खुर्ची कोणाचेही नाव न लावता ठेवली आहे. सुतार विचारीत होता ही कोणाची. मी त्याला सांगितले की ज्याची आहे त्याला माहीत आहे. मला खरोखरच वाटले होते की त्यांना माहीत आहे.

आणि ते वाक्य! कोठून आला हे सांगण्याचे कारण नाही, असे मी लिहिले ते यासाठी की आधी मिसेस कुटिन्होंनी तो मासा खावा. आधी म्हणावे की हा डब्यातला दिसतो, कोठल्या दुकानातला? इतके त्यांच्या तोंडून निघाले की मी उभी राहणार होते आणि शेजारच्या खुर्चीकडे हात करणार होते. संपूर्ण समारंभ मी त्या एका क्षणासाठी आखला आहे. प्रयोगशाळा त्या मानाने दुय्यम आहे. असा बेत आधी पत्रात लिहून कोणी वाया घालवतो का?

तू म्हणशील की बाबांना हे कसे कळावे. हा प्रश्न रास्त आहे.

मागच्या दाराचा अर्थ त्यांनी काय घेतला असेल, हे मी आता लिहीत बसत नाही.

रविवारी, ता. १५ रोजी, मिस्सेनंतर मी अर्नाळ्याला येत आहे. घरात आधी सांगू नकोस. अंगण झाडून ठेव आणि विड्याची पाने ताजी आण. मालू त्या वेळी आसपास असली तर तिला हाकलू नकोस. उलट, ती असलेली बरी.

तुझी,
इनेझ


वसई
सोमवार, ता. १६ जानेवारी १९५०

ती. बाबांस,

सविनय नमस्कार.

काल, रविवारी, जे घडले ते क्रमाने नमूद करते, म्हणजे पुढे कोणी त्यास फाटे फोडणार नाही.

मी विरारहून टांग्याने आले आणि टांगा घरापर्यंत न नेता रस्त्यावरच सोडला. रस्त्यापासून अंगणापर्यंत चालत आले. मालू आणि तिच्याबरोबरच्या तिघी जणी कुंपणाशी उभ्या होत्या; त्यांनी मला पाहिले, हे मी पाहिले. आपण पिंपाजवळ पाठमोरे बसला होता आणि नळावर हात ठेवून धूर गार आहे की नाही ते पाहत होता. मी दारात उभी राहिले. हातात विडा होता. मी आपले पूर्ण नाव घेतले, आपल्या वडिलांचे नाव घेतले, गावाचे नाव घेतले आणि सांगितले की शनिवारी सायंकाळी वसईच्या मुलींच्या शाळेत मेजवानी आहे, तिला आपण यावे.

आपण मागे वळला नाहीत. आपण विचारलेत, “कोन बोलवते? मोठी मास्तरीन की जोसेफची पोर?”

मी म्हणाले, “दोघी आल्या आहेत. दोघींना उभे ठेवू नका.”

कुंपणाशी मालू म्हणाली की अगो, ही तर बापावर गेली. मी तिच्याकडे पाहिले नाही, पण ते वाक्य मला आवडले.

यानंतर आपण पिंपाचे झाकण काढलेत, वरच्या आकड्यावरचा नमुन्याचा रावस उतरवलात, सुरीने एक काप केलात आणि पात्यावरच मला दिलात. मी तो खाल्ला. मला नारळाच्या झावळ्या, आंब्याचे लाकूड आणि समुद्र एकदम आठवले, आणि डोळ्यांना धूर लागला. धूर पिंपाचाच होता, असे डेल्फिनला सांगावे. आपण माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणाले, “मीठ बरोबर आहे.” आपण म्हणालात, “रंग?” मी म्हणाले, “ताज्या विटेसारखा.” आपण झाकण परत लावलेत. विडा घेऊन खिशात ठेवलात, तोंडात घातला नाहीत, आणि म्हणालात, “बगू.”

या ‘बगू’ विषयी मला लिहावयाचे आहे.

आपल्या पद्धतीप्रमाणे मी आवतण तोंडी दिले, दारात उभी राहून दिले, चार साक्षीदारांसमक्ष दिले. त्यात कोणतीही उणीव राहिलेली नाही. आता माझी पद्धत. ‘बगू’ हे उत्तर मी माझ्या विद्यार्थिनींकडूनही स्वीकारीत नाही.

शनिवारची व्यवस्था पुढीलप्रमाणे बदलली आहे. मासा प्लासिड सकाळी आणील, मागच्या दाराने, कारण बर्फ तेथेच आहे. आपण त्याच्याबरोबर येऊ नये. आपण दुपारच्या गाडीने यावे. स्टेशनवर मी स्वतः असेन, आणि आपण पुढच्या दाराने, कमानीखालून, रांगोळीवर पाय न देता आत जाल. काप मी करीन. आपल्या हातात त्या दिवशी सुरी नको, बशी हवी. कोट पांढराच घालावा. इतरांचे कोट काळे असतील, म्हणून आपण संकोच करण्याचे कारण नाही. त्यांच्या कोटांना तशी बटणे नाहीत.

आपण अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसाल. मिसेस कुटिन्हो मासा खातील आणि तो कोठल्या दुकानातला, असे विचारतील. त्या वेळी आपण काहीही बोलू नये. मी बोलेन. मी काय बोलेन हेही आता लिहून ठेवते, म्हणजे आपणांस पत्र उलटे करून पाहण्याची गरज पडणार नाही: हा अर्नाळ्याचा रावस आहे, याला धुरी माझ्या वडिलांनी दिली आहे आणि ते आपल्या शेजारी बसले आहेत.

सोबत एक कार्ड पाठवीत आहे. प्रत्येक पाहुण्याच्या बशीसमोर त्याच्या नावाचे एक कार्ड उभे राहील; सगळी मी माझ्या हाताने लिहिली आहेत. हे एक कोरे ठेवले आहे. मराठी अक्षरे आपण शिकला नाहीत, पण आगबोटीवर साहेबांच्या प्रत्येक जेवणाची इंग्रजी कार्डे आपण लिहीत होता, हे मला आठवते. सुट्टीत आपण घरी आणलेल्या त्या कार्डांवरच मी इंग्रजी अक्षरे गिरवायला शिकले, आणि आजही माझ्या मोठ्या ‘एस्’चे वळण आपल्या ‘सॅमन’मधले आहे. त्या सर्व कार्डांवर पदार्थांची नावे होती, कप्तानाचे होते, क्वचित एखाद्या लॉर्डाचे होते. करणाऱ्याचे एकावरही नव्हते.

तेव्हा या कार्डावर आपण आपले नाव लिहावे. डेल्फिनच्या अक्षरात नको. आपल्याच हाताने, त्याच शाईने, त्याच वळणाने. जागा पुरेशी आहे, घाई करू नये. कार्ड गुरुवारच्या टपालाने माझ्या हाती पडले पाहिजे. कोरे परत आले तर मी ते कोरेच त्या खुर्चीसमोर ठेवीन आणि तिथे कोणालाही बसू देणार नाही, अध्यक्षांनी विचारले तरी. पण ते कोरे येईल, असे मला वाटत नाही.

उत्तर लेखी हवे.

आपली,
इनेझ जोसेफ